मुंग्यांच्या मागावर

पनामाच्या पावसाळी जंगलात लष्करी मुंग्यांची धाड निघाली, की जमिनीवरच्या किड्यांची पळापळ होते. झुरळं, कोळी, नाकतोडे पाचोळ्यातून जीव घेऊन बाहेर उसळतात आणि थेट ऑसेलेटेड अँटबर्डच्या चोचीत सापडतात. डोळ्याभोवती निळी कातडी आणि अंगावर खवल्यांसारखी नक्षी असलेला हा पक्षी मुंग्या खातो असं वाटेल, पण तसं नाही. त्या फक्त हाकारे घालतात.

या पंगतीत मानपान कडक. सर्वांत मोठा ऑसेलेटेड अँटबर्ड धाडीच्या ऐन तोंडाशी बसतो. बायकलर्ड आणि स्पॉटेड हे लहान भाईबंद कडेला, मिळेल त्या जागी. मुंग्या स्वतःच्या शरीरांचाच तळ बांधतात. सुमारे दोन आठवडे त्या भटकतात, मग जवळपास तीन आठवडे एकाच जागी मुक्काम ठोकतात आणि धाडी कमी करतात. म्हणून एकाच वसाहतीवर विसंबून भागत नाही. पक्षी बरेच तळ नजरेखाली ठेवतात. त्यासाठी जंगलही ऐसपैस लागतं.

पनामा कालव्यासाठी धरण झालं, तलाव भरला आणि एका टेकडीचं बारो कोलोराडो बेट झालं. एडविन विलिस यांनी तिथे या पक्ष्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या डोळ्यांदेखत ऑसेलेटेड तिथून नाहीसा झाला. पलीकडच्या किनाऱ्यावर जंगल होतं. पण झाडीतल्या सावलीत वावरणाऱ्या पक्ष्यांना उघडं पाणी ओलांडणं जड जातं. संशोधकांनी अशा काही जातींचे पक्षी याच तलावावर होडीतून सोडून पाहिले, तर काहींना शंभर मीटरही उडता आलं नाही.