अंथरूण पाहून कार्ड

दिवाळी तोंडावर आली, की आमच्या पिंपरी-चिंचवडात दोनच विषय निघतात. बोनस किती मिळणार आणि सुट्टीत जायचे कुठे! १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून आजच्या चाकणच्या मोटार-कारखान्यांपर्यंत, या पट्ट्यात माणसे आली ती बाहेरगावांहून. कुणाचे घर नागपूरकडे, कुणाचे लातूरला, कुणाचे कोकणात. तेव्हा प्रवास ही आमच्याकडे चैन नव्हे. म्हातारे आईवडील वाट पाहत असतात.

हल्ली या दोन विषयांत तिसऱ्याची भर पडली आहे, ती क्रेडिट कार्डाची. मॉलच्या दारात टेबल मांडून बसलेला एखादा तरुण मोठ्या अदबीने म्हणतो, “सर, हे कार्ड घ्या. खर्च करा आणि फुकट विमानाने फिरा.” मी पडलो मराठीचा प्राध्यापक. ‘फुकट’ हा शब्द कानी पडला, की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची मला खोड आहे.

उधारीचे हे कार्ड काही कालपरवाचे नाही. अमेरिकेत डायनर्स क्लबने ते १९५० साली काढले. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली आणले. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या उतारूंना मैलांच्या हिशेबाने बक्षीस देण्याची योजना काढली, आणि पुढे मैल व कार्ड यांची सोयरीक जुळली. आपण कार्डाने पैसे दिले, की दुकानदाराकडून त्या रकमेचा लहानसा हिस्सा कापला जातो. त्यातलाच एक तुकडा ‘पॉइंट’ म्हणून आपल्या पदरात पडतो. शिवाय कार्डाची वार्षिक फी असते आणि बिल थकवणाऱ्यांचे व्याजही असते. म्हणजे एकाचा विमानप्रवास पुष्कळदा दुसऱ्याच्या व्याजावर चालतो!

मग कार्ड निवडावे कसे? आमच्या इमारतीतलीच तीन घरे पाहू. आकडे समजुतीपुरते धरले आहेत. प्रत्येक बँकेचे दर निराळे, आणि तेही बदलतात.

पहिले घर चाकणला नोकरी करणाऱ्या एका फिटरचे. हे गृहस्थ कंपनीच्या बसने जातात, त्यामुळे पेट्रोल थोडे. विमानाचा तर प्रश्नच नाही. पण वर्षातून तीनदा चौघे जण रेल्वेने नागपूरला जातात. वातानुकूलित डब्याची तिकिटे वर्षाकाठी चोवीस हजारांची धरा. रेल्वे-तिकिटांवर दहा टक्के परत देणारे कार्ड घेतले, तर २,४०० रुपये सुटतात. फी ५०० रुपये आणि तिच्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. निव्वळ १,८१० रुपये हाती राहिले. दिवाळीच्या फराळाचे सामान येईल की नाही, सांगा!

दुसरे घर एका तरुण अभियंता जोडप्याचे. त्यांना हवे होते दिमाखदार विमान-कार्ड. फी ५,०००, करासह ५,९००. महिन्याचा खर्च चाळीस हजार. पण त्यातले पंधरा हजार घरभाड्याचे आणि पेट्रोलचे. अशा खर्चावर पुष्कळ कार्डे पॉइंट देतच नाहीत. उरले पंचवीस हजार, वर्षाचे तीन लाख. शंभर रुपयांना दोन पॉइंट आणि पॉइंटाची किंमत पन्नास पैसे धरली, तर मिळकत तीन हजार. पाच हजार नऊशे देऊन तीन हजार कमावणे याला आमच्या गणिताच्या मास्तरांनी काय म्हटले असते, ते येथे लिहीत नाही. विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसायला मिळते, हे खरे. पण वर्षातून एकदा उडणाऱ्या माणसाला तो चहा फार महाग पडतो.

तिसऱ्या घरातले चिरंजीव कंपनीच्या कामाने जर्मनीला जातात. त्यांनी पॉइंटांआधी परकीय चलनावरचा आकार पाहावा. साडेतीन टक्के आकार असेल, तर लाखभर खर्चावर ३,५०० रुपये आणि वर ६३० रुपये कर. ज्या कार्डाला हा आकार कमी, ते त्यांच्या कामाचे. मग त्याची जाहिरात कितीही साधी असो.

या तिन्ही घरांना लागू असलेली एक गोष्ट शेवटी सांगतो, कारण खरा धोका तेथेच आहे. बिल मुदतीत पुरते भरले, तरच पॉइंटांना अर्थ. पन्नास हजारांच्या बिलापैकी ‘किमान रक्कम’ म्हणून अडीच हजार भरले, की उरलेल्या साडेसत्तेचाळीस हजारांवर व्याज चढू लागते. महिना साडेतीन टक्के दराने, करासह, ते दोन हजारांच्या घरात जाते. तेवढ्याच बिलावरचे पॉइंट किती? वरच्या हिशेबाने पाचशे रुपयांचे! शिवाय पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. आपल्या पूर्वजांनी ‘ऋण काढून सण’ हा वाक्प्रचार उगाच घडवला नाही. येथून जवळच देहूला तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. बँका मात्र आपली खाती कोणत्याही नदीत बुडवत नाहीत.

म्हणून, वाचकहो, जाहिरात पाहण्याआधी घरखर्चाची वही उघडा. गेल्या तीन महिन्यांचा किराणा, पेट्रोल, भाडे, शाळेची फी आणि वर्षातले खरे प्रवास ओळीने मांडा. मनातले काश्मीर त्यात धरू नका. कार्डाच्या अटींत कोणत्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत, तो परिच्छेद आधी वाचा. पॉइंटांची किंमत रुपयांत काढा, त्यातून करासह फी वजा करा, आणि उरलेल्या आकड्याकडे शांतपणे पाहा. तो भरीव असेल, तर कार्ड खुशाल घ्या. शून्याखाली गेला, तर तिकीट रोखीने काढा. गावाकडची माणसे तुमची वाट पाहतात, तुमच्या पॉइंटांची नव्हे.