टाक्यांचं दप्तर : क्विल्टिंगची मासिकं अजून विकत घ्यावीत का?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. दोन-तीन वर्षांनी येते तेव्हा तिच्या बॅगेत बदाम-अक्रोडांच्या पुड्यांखाली क्विल्टिंगच्या मासिकांचा गठ्ठा असतो. तिचे वाचून झालेले अंक माझ्या कपाटात येतात. गेल्या खेपेला गठ्ठा हातात देताना ती म्हणाली, "ताई, या वर्गण्या आता बंद करू का गं? नमुने फोनवर फुकट मिळतात, आणि शिवायचं कसं ते कुणीतरी व्हिडिओत दाखवतंच." मी लगेच "नको" म्हणाले. पण का नको, ते काही मला सांगता येईना. म्हणून या पावसाळ्यात मी ते सगळे अंक खाली काढले, सालवार लावले आणि पुन्हा वाचायला बसले. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर या लेखात आहे.

क्विल्ट आणि आपली गोधडी यांचं अंग एकच. वरचा थर, मधली भर, खालचं अस्तर आणि तिन्ही एकत्र धरून ठेवणारे टाके. फरक वरच्या थरात आहे. आपण जुन्या लुगड्यांचे तुकडे जसे हाताला येतील तसे लावत जातो. अमेरिकी क्विल्टमध्ये चौकोन, त्रिकोण, पट्ट्या मोजून कापतात, त्यांचा एक 'ब्लॉक' जोडतात आणि असे अनेक ब्लॉक शेजारी शेजारी लावतात. मोजमाप आलं की ते लिहून ठेवावं लागतं. तिथूनच छापील पानाची गरज सुरू झाली.

छापील पानाची सोबत

अमेरिकेतल्या बायकाही क्विल्ट शिकल्या त्या आधी आई-आजीच्या शेजारी बसूनच. पण छापील पान त्यांच्या सोबतीला फार लवकर आलं. फिलाडेल्फियात १८३० मध्ये सुरू झालेल्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने १८३५ मध्येच षटकोनी ठिगळांचा नमुना छापला होता. १९११ मध्ये 'लेडीज होम जर्नल'ने इंडियाना राज्यातल्या मारी वेब्स्टर यांचे क्विल्ट रंगीत पानांवर दिले. फिक्या रंगांची फुलं कापडावर कापड शिवून काढलेली. ती पाहून नमुन्यांसाठी इतकी पत्रं आली की वेब्स्टरबाईंचा घरबसल्या व्यवसाय उभा राहिला. १९१५ मध्ये त्यांनी लिहिलेलं पुस्तक हे अमेरिकी क्विल्टवरचं पहिलं पुस्तक मानलं जातं.

'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्राने १९२८ पासून क्विल्टचे नमुने छापायला घेतले आणि १९६१ पर्यंत हजारावर नमुने दिले. शेतावरच्या बायका ती कात्रणं कापून जपत, एकमेकींना देत. 'परंपरागत' म्हणून आज आपण ज्या नमुन्यांकडे पाहतो, त्यातल्या कितीतरींची नावं मुळात अशा सदरांच्या संपादकांनी ठेवलेली आहेत. एकच ब्लॉक एका वर्तमानपत्रात एका नावाने, दुसरीकडे दुसऱ्याच. बार्बरा ब्रॅकमन या अभ्यासक बाईंनी अशा चार हजारांहून अधिक नमुन्यांचा कोश केला आणि कोणता नमुना कोणत्या नावाने कुठे छापला गेला, त्याची नोंद ठेवली. जुने अंक कुणीतरी विकत घेऊन सांभाळले होते म्हणूनच हा कोश होऊ शकला.

फक्त क्विल्टला वाहिलेलं मोठं नियतकालिक मात्र १९६९ मध्ये आलं. कोलोरॅडोतल्या बॉनी लेमन यांचा साचे टपालाने विकायचा छोटा घरगुती उद्योग होता. पदरी सात मुलं. घरातूनच त्यांनी 'क्विल्टर्स न्यूजलेटर' सुरू केलं. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी झाली, तेव्हा आजीच्या पेट्यांतून जुने क्विल्ट बाहेर निघाले. शिकू पाहणाऱ्या हजारो बायकांना वाट दाखवायला लेमनबाईंचं मासिक तयार होतं.

१९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने गोल पात्याचा रोटरी कटर आणला आणि मासिकाचं पानच बदललं. तोवर पानावर पूर्ण आकाराचे खाके छापलेले असत. ते पुठ्ठ्यावर गिरवायचे, कापायचे आणि कापडावर ठेवून एकेक तुकडा कात्रीने काढायचा. रोटरी कटर आल्यावर खाके कमी झाले, त्यांच्या जागी मापं आली : अडीच इंची पट्ट्या इतक्या, साडेचार इंची चौकोन इतके. एका अंकात पूर्वीपेक्षा जास्त नमुने मावू लागले. पुढची तीस वर्षं या मासिकांची भरभराटीची होती.

ओहोटी

'क्विल्टर्स न्यूजलेटर' २०१६ मध्ये, सत्तेचाळीस वर्षांनंतर बंद पडलं. २०१९ च्या मार्चमध्ये अनेक हस्तकला-मासिकं हाती असलेल्या एफ प्लस डब्ल्यू मीडिया या प्रकाशनसंस्थेने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिची मासिकं तुकड्यातुकड्याने विकली गेली.

कारणं अवघड नाहीत. मासिकं चालत ती कापड, यंत्रं आणि दुकानं यांच्या जाहिरातींवर, आणि त्या जाहिराती पडद्यावर गेल्या. नमुना तयार करणारी बाई पूर्वी तो मासिकाला देई, आता ती घरबसल्या थेट विकते. आणि यंत्रावर शिलाई कशी फिरते हे चार छायाचित्रांपेक्षा व्हिडिओत नक्कीच जास्त चांगलं कळतं. हे मान्य करायला मला जराही संकोच नाही. बाइंडिंगचा, म्हणजे कडेच्या पट्टीचा, कोपरा कसा दुमडायचा ते मी स्वतः व्हिडिओ पाहूनच शिकले.

पण याच काळातली एक गोष्ट विचार करायला लावते. मिसुरी राज्यात हॅमिल्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या डोन कुटुंबाने २००८ मध्ये क्विल्टच्या कामाचं दुकान काढलं आणि आई जेनी डोन फुकट व्हिडिओंतून शिकवू लागल्या. त्या व्हिडिओंच्या बळावर 'मिसुरी स्टार' हा मोठा उद्योग झाला आणि जगभरच्या क्विल्टकरणी त्या गावी यायला लागल्या. फुकट शिकवण्यावर एवढं उभं केलेल्या या कुटुंबालाही पुढे 'ब्लॉक' नावाचं छापील नियतकालिक काढावंसं वाटलं. व्हिडिओ पाहिला तरी मांडीवर धरायला, पेन्सिलीने खुणा करायला आणि यंत्राशेजारी उघडा ठेवायला कागद लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

पैसे नेमके कशाचे?

चांगल्या अंकात नमुन्याचे पैसे थोडेच असतात. खरे पैसे असतात तो नमुना तपासण्याचे. क्विल्टमध्ये प्रत्येक तुकड्याच्या कडेला पाव इंच कापड शिलाईसाठी सोडतात. दोन इंची तयार चौकोन दोन त्रिकोणांतून करायचा असेल तर सुरुवातीचा चौकोन २ ७/८ इंचांचा कापावा लागतो. प्रत्येक सांध्याला १/१६ इंचाची चूक झाली तर वीस सांध्यांनंतर सव्वा इंच सरकतो आणि शेजारचे ब्लॉक जुळत नाहीत. म्हणून नीट संपादित मासिकात नमुना छापण्याआधी हिशेब दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतात, कापड किती लागेल ते पन्ह्यानुसार काढतात, आणि तरीही चूक राहिली तर पुढे दुरुस्ती छापतात.

याचं मोल मला भाच्याच्या मुलीसाठी दुपटं शिवताना कळलं. एक फुकटचा नमुना घेतला होता. त्यात मापं तयार आकाराची होती, शिलाईचा पाव इंच कुठेच धरला नव्हता. मधल्या चांदणीची सगळी टोकं शिलाईत गेली. तीन मीटर चांगलं सुती कापड आणि दोन आठवडे वाया गेले. आता तर संगणकाने रचलेली क्विल्टची चित्रंही सर्रास फिरतात. पाहायला मोहक, पण त्यांतले सांधे कुठून कुठे जातात ते कोणत्याही सुईला कळणार नाही. अशा वेळी हा क्विल्ट एका जिवंत बाईने शिवला आहे, तिचं नाव अमुक, हे सांगणारं पान हवं वाटतं.

मात्र सगळ्याच अंकांची ही योग्यता नाही. पुष्कळ मासिकं एखाद्या कंपनीच्या नव्या कापडासाठीच नमुने देतात. अंक आपल्याकडे पोचेपर्यंत ते कापड बाजारातून गेलेलं असतं. चांदणीचे तेच नमुने दर नाताळला फक्त रंग बदलून येतात. गठ्ठा वाचताना असे पंचवीसेक अंक मी बाजूला काढले. त्यांच्यात एकदा पाहून ठेवून द्यावं इतकंच होतं.

आज काय घ्यावं?

केंटकीतल्या पॅड्यूका शहरात १९८४ मध्ये अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी स्थापन झाली. तिचं 'अमेरिकन क्विल्टर' स्पर्धेतलं उत्तम काम पाहायला आणि तंत्र समजून घ्यायला चांगलं. हात बसलेल्या बाईने ते घ्यावं. आयोवातल्या मारियान फॉन्स आणि लिझ पोर्टर या जोडीच्या नावाने निघणारं 'लव्ह ऑफ क्विल्टिंग' नवशिक्यांच्या कामाचं, कारण त्या दोघी दूरदर्शनवरून शिकवत आणि तीच समजावून सांगण्याची सवय त्यांच्या पानांत उतरली.

'क्विल्टफोक' हे २०१६ मध्ये ओरेगनमधून निघालेलं त्रैमासिक अगदी वेगळं. जाहिराती नाहीत, नमुन्यांची घाई नाही. पहिले अंक एकेका राज्याला वाहिलेले : ओरेगन, आयोवा, हवाई. तिथल्या बायका, त्यांची घरं, त्यांच्या पेट्या. ते वाचून काही शिवता येणार नाही, पण क्विल्ट का शिवतात ते कळतं. फ्रान्समधून १९९७ पासून येणारं 'क्विल्टमेनिया' जुन्या क्विल्टची छायाचित्रं इतक्या जवळून देतं की टाके मोजता येतात. अभ्यास करायचा असेल तर 'अनकव्हरिंग्ज' हे अमेरिकन क्विल्ट स्टडी ग्रुपचं १९८० पासूनचं वार्षिक मिळवावं. त्यात मापं नाहीत, संशोधन आहे.

नमुन्यापुरतं हवं असेल तर डिजिटल अंक घ्यावा. त्याला टपालखर्च पडत नाही. मापं इंचांत असतात आणि आपले शिंपीही इंचांतच बोलतात, त्यामुळे अडत नाही. गज तेवढा ९१ सेंटिमीटरचा धरायचा आणि आपलं कापड कापण्याआधी धुऊन आटवून घ्यायचं.

ज्यांना मासिक मिळालं नाही

यावर कुणी म्हणेल, मासिकांवाचून काय अडलं होतं? अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीकडे पाहा. गुलामीत राबलेल्यांच्या वंशातल्या या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून असे क्विल्ट शिवले की २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात ते मांडले गेले आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. १९३७ मध्ये आर्थर रॉथस्टीन यांनी तिथे काढलेल्या छायाचित्रांत घरांच्या भिंतींवर वर्तमानपत्रांची पानं चिकटवलेली दिसतात, वारा अडवायला. छापील कागदाचा त्यांना उपयोग होता तो एवढाच.

हे खरंच आहे. कला मासिकावाचून जगते. पण तिची करणारीण नोंदीवाचून हरवते. जीज बेंडच्या कित्येक पिढ्यांच्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नव्हती. २००२ च्या प्रदर्शनात प्रत्येक क्विल्टशेजारी बाईचं नाव लागलं, तेव्हा त्या मोजल्या गेल्या.

आपल्या गोधडीचंही तसंच झालं. मराठी मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी विणकाम शिकवलं, भरतकामाचे नमुने छापले. गोधडीला मात्र तसं पान क्वचितच मिळालं. जमिनीवर लुगडं अंथरायचं, कोपऱ्यातून धावदोरा घालत कडेकडेने आत मध्यापर्यंत यायचं, यात शिकवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, ते प्रकाशित कुणी केलं? फ्रान्सच्या त्याच 'क्विल्टमेनिया'ने. आपल्या सातारा-सोलापूरकडच्या बायकांच्या टाक्यांना कागद मिळाला तो तिकडच्या वाचकांच्या वर्गण्यांवर जगलेल्या प्रकाशनाकडून. वर्गणी कशासाठी द्यायची, याचं याहून पक्कं उत्तर मला सापडलं नाही.

या मासिकांत आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षं बजावून सांगितलेली आढळली : क्विल्ट पुरा झाला की मागच्या बाजूला कापडी पट्टी शिवा आणि तिच्यावर करणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि वर्ष लिहा. वाचता वाचता मी उठले आणि आजीची वाकळ काढली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आईला फोन केला. ती म्हणाली, "मधलं ते लाल ठिगळ आहे ना, ते धाकट्या मामाच्या बारशाला आलेल्या खणाचं. तो तीन-चार वर्षांचा असेल तेव्हा तिने ही शिवली, थंडी फार होती त्या वर्षी." मामाचा जन्म १९५८ चा. म्हणजे वाकळ १९६१-६२ ची. पांढऱ्या मांजरपाटाची पट्टी कापली, आजीचं नाव, तिचं गाव आणि ते साल दोऱ्याने भरलं आणि मागच्या कोपऱ्यात शिवून टाकलं.

तिचा फोटो मावसबहिणीला पाठवला आणि खाली लिहिलं : कापडाच्या जाहिरातींसाठी निघणारी दोन बंद कर. ज्यांत बायकांची नावं छापतात, ती चालू ठेव.