चुकांची खतावणी

बारावीच्या उत्तरपत्रिका सविस्तर लिहिण्याची जी सवय विद्यार्थ्याच्या हाताला जडलेली असते, ती राज्याच्या सीईटीच्या संगणकापुढे बसताच निरुपयोगी ठरते. कारण तेथे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एकेक सरासरी 54 सेकंदांत, निकाली काढावयाचे असतात. गणिताच्या 50 प्रश्नांना मात्र तितकाच अवधी आहे.

ज्या घरास क्लासची फी झेपत नाही, तेथील मुलाचा मुख्य आधार बालभारतीची पाठ्यपुस्तके. आणि प्रश्नपत्रिका राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असल्यामुळे तो आधार दुबळा नव्हे. मात्र अकरावीचे पुस्तक माळ्यावर टाकून बसणे महागात पडते. सुमारे 20 टक्के भार अकरावीच्या नेमलेल्या प्रकरणांवर असतो.

आता, हीच पुस्तके चार-चार वेळा वाचूनही गुण जागचे हलत नाहीत, ही सार्वत्रिक कैफियत. रोडिगर व कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले, परंतु आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. वाचनाने ओळख पटते, आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो!

म्हणून स्वाध्यायी विद्यार्थ्याने घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी, आणि मग, गुणांची बेरीज करून ती बाजूस न सारता, जुन्या पेढीवरील कारकुनाच्या चिकाटीने प्रत्येक चुकीची नोंद खतावणीत करावी: धडाच समजला नव्हता, सूत्र ऐनवेळी आठवले नाही, की प्रश्नातील ‘नाही’ हा शब्द नजरेतून निसटला? या तिन्ही खात्यांवरील उपाय भिन्न आहेत. नजरचुकीचे खाते फुगलेले असताना नवे धडे घोकीत बसणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे होय. आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या कागदावर सुटला, तरच बाकी फिटली असे समजावे.

एक गोष्ट मात्र जेईईची तयारी करणाऱ्या मुलांना फार जड जाते. तेथे चुकीच्या उत्तरास गुण कापले जात असल्याने न येणारा प्रश्न सोडून देण्याचा संयम त्यांनी कमावलेला असतो. सीईटीत तशी कपात नाही, तरीही हे शहाणे विद्यार्थी सातआठ प्रश्न कोरेच ठेवून, सज्जनपणे, परीक्षागृहाबाहेर पडतात.