बाजरीची फळगोड बिस्किटे

नांदगाव तालुका म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस बेताचा, तोही बेभरवशाचा. अशा जमिनीत पिढ्यान् पिढ्या साथ देणारे पीक म्हणजे बाजरी. मका, कपाशी आणि कांदा यांनी बाजरीचे बरेचसे क्षेत्र व्यापले असले, तरी घरच्या भाकरीपुरती बाजरी आजही अनेक शेतकरी पेरतात. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी येथील प्रत्येक घरात होते.

परंतु घरात बाजरीची कणगी भरलेली असताना मुलांच्या हातात मात्र दुकानातील बिस्किटाचा पुडा दिसतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. या पुड्यातील जिन्नस बहुधा मैदा, साखर व वनस्पती तेल हे असतात. त्याने भूक मोडते, पण वाढत्या अंगाला लागणारे लोह व तंतू त्यातून फारसे मिळत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी देशात सुमारे ६७ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. एकट्या बिस्किटाने तो होत नाही आणि एकट्या बिस्किटाने तो जाणारही नाही. आरोग्य केंद्रातून मिळणारे लोहाचे औषध सुरूच ठेवले पाहिजे. तथापि मुलाच्या मधल्या वेळच्या खाण्यात घरचे धान्य पुन्हा आणणे हे प्रत्येक कुटुंबाच्या हातात आहे.

मुले भाकरीपेक्षा बिस्किटाकडे वळतात, ती गोडीमुळे व खुसखुशीतपणामुळे. या दोन्ही गोष्टी बाजरीत आणता येतात. गोडीसाठी साखरेऐवजी बेदाणे व खजूर वापरावेत आणि बिस्किटे करताना मुलांनाच हाताशी घ्यावे. स्वतः वळलेले बिस्कीट मूल आवडीने खाते, हा अनुभव अनेक मातांना आहे.

पीठ ताजे हवे

बाजरीचे बिस्कीट कडवट लागते अशी तक्रार ऐकू येते. दोष बाजरीचा नसून शिळ्या पिठाचा असतो. बाजरीत सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो आणि त्याचा मोठा भाग दाण्याच्या अंकुरात असतो. दाणा दळला गेला की त्यातील पाचकद्रव्याचा या स्निग्धांशाशी संबंध येतो, त्याचे विघटन सुरू होते आणि पिठाला खवट वास येऊन चव कडू लागते. म्हणून बाजरी थोडी थोडी दळावी व पीठ पाच-सहा दिवसांत संपवावे. अधिक दिवस टिकवावयाचे असल्यास निवडलेली बाजरी फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात सुमारे अर्धा मिनिट बुडवावी, लगेच पसरून कडकडीत वाळवावी आणि मग दळावी. उष्णतेने पाचकद्रव्याचा जोर मोडतो व पीठ लवकर खवट होत नाही.

याहून चांगली रीत म्हणजे बाजरीला मोड आणणे. बाजरी रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवावी. मोड दिसू लागताच ती वाळवावी, मंद आचेवर भाजावी व दळावी. मोड येताना दाण्यातील काही पिठाची साखर होते, त्यामुळे पीठ मुळातच किंचित गोड लागते. शिवाय लोहाला धरून ठेवणारे फायटेट नावाचे द्रव्य कमी होते व दाण्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. मात्र वाळवणीत ओल राहिल्यास बुरशी येते. बुरशी आलेले धान्य मुलांना कदापि देऊ नये.

साहित्य व कृती

सुमारे तीस बिस्किटांसाठी पुढील साहित्य घ्यावे : बाजरीचे पीठ २०० ग्रॅम, गव्हाचे पीठ १०० ग्रॅम, बेदाणे ७५ ग्रॅम, बिया काढलेला खजूर ७५ ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट ५० ग्रॅम, तीळ दोन चमचे, खाण्याचा सोडा पाव चमचा, लिंबाचा रस एक चमचा, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलदोड्याची पूड.

बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. नुसत्या बाजरीचे बिस्कीट हातात घेताच मोडते. म्हणून एक तृतीयांश गव्हाचे पीठ मिसळावे.

बेदाणे व खजूर कोमट पाण्याने दोनदा धुवावेत. मग ते बुडतील इतक्याच कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये लगदा करावा. बाजरी व गव्हाचे पीठ मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून थंड करावे. तूप फेसून त्यात लगदा मिसळावा, नंतर पीठ, कूट, तीळ, मीठ, वेलदोडा व सोडा घालावा. लिंबाचा रस शेवटी घालावा. आंबटाशी संयोग होताच सोड्यातून वायू सुटतो व बिस्कीट हलके होते. म्हणून रस घातल्यावर पीठ फार वेळ ठेवू नये. गोळा कोरडा वाटला तरच चमचाभर दूध घालावे. सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे करून, हलके दाबून, तूप लावलेल्या ताटलीत अंतराअंतराने ठेवावेत.

भट्टी घरचीच

यासाठी विजेच्या भट्टीची आवश्यकता नाही. जाड कढईत किंवा पातेल्यात बोटभर जाडीचा धुऊन वाळवलेल्या वाळूचा थर द्यावा, त्यावर लोखंडी कडी ठेवावी व घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग ताटली आत ठेवून आच मंद करावी. वीस ते पंचवीस मिनिटांत बिस्किटांच्या कडा तांबूस होतात. चुलीवर करताना झाकणावर थोडे निखारे ठेवल्यास वरूनही आच लागते. विजेची भट्टी असल्यास १७० अंश सेल्सिअस उष्णतेवर सुमारे पंधरा ते अठरा मिनिटे पुरतात. दिवाळीत नानकटाईचे ताट पावाच्या भट्टीत नेण्याची चाल अनेक गावांत होती. शेजारी अशी भट्टी असल्यास चार घरांनी मिळून तिचा उपयोग करावा.

गरम बिस्कीट मऊ असते, ते निवल्यावर आवळते. पूर्ण थंड होण्यापूर्वी डब्यात भरू नये. फळाच्या लगद्यात ओल असल्याने ही बिस्किटे साखरेच्या बिस्किटांइतकी टिकत नाहीत. हिवाळ्यात चार-पाच दिवस, पावसाळ्यात दोन-तीन दिवस, एवढाच त्यांचा काळ समजावा.

मुलांना कोणते काम द्यावे

लहान मुलांनी बाजरीतील खडे निवडावेत, खजुराच्या बिया काढाव्यात, गोळे वळावेत, काट्याने नक्षी दाबावी. मोठ्या मुलांनी वजने करावीत, तीस बिस्किटांचे साठ करावयाचे तर कोणता जिन्नस किती लागेल याचा हिशेब मांडावा. या कामात त्रैराशिक आपोआप येते. चूल, गरम वाळू व मिक्सर ही कामे मात्र मोठ्यांनीच करावीत. प्रारंभी सर्वांनी साबणाने हात धुवावेत. शेंगदाणा न सोसणारे एखादे मूल असते, त्याची चौकशी पालकांकडे आधीच करावी व त्याच्यासाठी कूट वगळावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे व बेदाणे घशात अडकण्याची भीती असते. म्हणून दोन्ही वाटूनच वापरावेत.

गोडीचा खरा हिशेब

फळाची गोडी म्हणजे साखरच नव्हे, असे समजणे चूक होईल. बेदाणे व खजूर यांच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग साखरच असतो. वर दिलेल्या १५० ग्रॅम फळांत ती सुमारे १०० ग्रॅम होते, म्हणजे एका बिस्किटात तीन ग्रॅमांहून थोडी अधिक. तेवढ्याच पिठाच्या घरगुती नानकटाईत साधारणतः १५० ग्रॅम पिठीसाखर पडते. तेव्हा साखर तिसऱ्या हिश्शाने कमी होते, आणि फळाबरोबर तंतू व खनिजेही मिळतात, एवढाच दावा करावा. फळाचा लगदा दातांना चिकटतो, म्हणून खाऊन झाल्यावर चूळ भरण्याची सवय लावावी. एका वेळी दोन बिस्किटे पुरेत. ती जेवणाच्या जागी देऊ नयेत.

बोर व बाजरीची जोडी

धान्यातील लोह अंगी लागण्यास क जीवनसत्त्वाची जोड लागते. ते उष्णतेने बरेचसे नष्ट होते, म्हणून बिस्किटात घातलेल्या लिंबाच्या रसावर विसंबून चालत नाही. बिस्किटासोबत कच्चे फळ द्यावे. कोरडवाहू जमिनीत येणारे बोर येथे फार उपयोगी आहे, कारण बोरात क जीवनसत्त्व चांगले असते आणि बाजरी घरात आल्यानंतर थोड्याच काळात बोरांचा हंगाम येतो. १९९० पासून राज्यात रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग लागवडीत बोरासारख्या कोरडवाहू फळझाडांना स्थान मिळाले आहे. बांधावर एक-दोन कलमी बोरी असल्यास घरच्या मुलांची सोय होते. पेरू किंवा आवळाही चालेल. बिस्किटाबरोबर चहा मात्र देऊ नये. चहाने लोहाचे शोषण कमी होते.

पेरणीच्या वेळीही याचा विचार करता येतो. इक्रिसॅट व राहुरीचे महात्मा फुले कृषि विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून २०१२ मध्ये महाराष्ट्रात आलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण लोहाचे प्रमाण अधिक राखण्यासाठीच निवडलेला आहे. तो संकरित नसल्याने, इतर बाजरीपासून पुरेसे अंतर राखून घेतलेले घरचे बी काही हंगाम वापरता येते. सर्व शेतात नको असेल, तर घरच्या खाण्यापुरता एक तुकडा या वाणाखाली ठेवण्यास हरकत नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी अंगणवाडी सेविका, शिक्षक व महिला बचतगट यांच्या साहाय्याने प्रत्येक गावी एक प्रात्यक्षिक घ्यावे. भाषणापेक्षा कढईतून निघालेले पहिले बिस्कीट अधिक पटवून देते. दुसऱ्या वेळी गावातील एखाद्या भगिनीनेच ते करून दाखवावे आणि कार्यकर्त्याने बाजूस बसून पाहावे. आपल्या शेतात पिकलेले धान्य आपल्या मुलाच्या अंगी लागले, तरच त्या पिकाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.