आकाशांत इंजिन थांबलें तर

वाटेंत मोटारीचें इंजिन बंद पडलें, तर ती रस्त्याच्या कडेस उभी राहते. विमानास तशी सोय नाहीं. म्हणून इंजिन थांबलें कीं तें दगडासारखें खालीं येणार, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. विमानास तोलून धरतात ते त्याचे पंख. इंजिनाचें काम त्यास पुढें ओढण्याचें. ओढ थांबली, तर विमान उतारावरून जावें तसें घसरत जातें.

हिशेबासाठीं असें समजूं, कीं हिंगोली जिल्ह्यांतील सेनगावच्या माथ्यावर सेसना 172 जातीचें लहान विमान आहे. उंचीचा कांटा 5,000 फूट दाखवितो. परंतु ही उंची समुद्रसपाटीपासूनची. हा मुलूखच सुमारें 1,500 फूट उंच आहे. हातीं राहिले 3,500. असें विमान 65 नॉट, म्हणजे ताशीं सुमारें 120 किलोमीटर वेगानें घसरलें, तर एक फूट उतरतांना साधारणपणें 9 फूट पुढें जातें. वारा नसेल तर दहा किलोमीटरांहून थोडें कमी अंतर, आणि वेळ जेमतेम पांच मिनिटें. नांदेडची धांवपट्टी या टप्प्याच्या फार पलीकडे आहे.

या पांच मिनिटांतील पहिलें काम इंजिनाचें नव्हे, वेगाचें. जमीन जवळ येऊं लागली कीं माणसाचा हात आपोआप विमानाचें नाक वर ओढूं पाहतो. तसें केल्यास वेग मोडतो, आणि पंखांचा आधार सुटून विमान खरोखरच कोसळतें. म्हणून नाक खालीं ठेवून वेग राखावयाचा, उतरण्याजोगें शेत हेरावयाचें, आणि मगच इंजिनाकडे वळावयाचें.

इंजिनास हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. विमानाची ठिणगी मोटारीप्रमाणें बॅटरीवर अवलंबून नसते. इंजिन फिरत असलें कीं मॅग्नेटो ती स्वतः उत्पन्न करतो. आणि इंजिन थांबलें तरी समोरच्या वाऱ्यानें प्रॉपेलर बहुधा फिरतच राहतो. तेव्हां अडलेली वस्तु मोकळी झाली, कीं स्टार्टरला हात न लावतांहि इंजिन पुन्हां धडधडूं लागतें.

अडते तें बहुतेक वेळां पेट्रोल. एक टांकी रिकामी झालेली असते, आणि दुसरी भरलेली असूनहि तिची तोटी बंद! दुसरा चोर अधिक लबाड आहे. कार्ब्युरेटरमध्यें पेट्रोलची वाफ होतांना हवा इतकी गार होते, कीं बाहेर 20 अंश उष्मा असला तरी दमट हवेंत आंत बर्फ धरतें. त्यावर उपाय म्हणून धुराड्याच्या उष्णतेनें तापलेली हवा आंत सोडतात. परंतु इंजिन थांबल्यावर धुराडेंहि झपाट्यानें निवतें. म्हणून ही कळ प्रथम ओढावी. पाठोपाठ टांकीची तोटी उघडावी, मिश्रणांत पेट्रोल वाढवावें, आणि मॅग्नेटोची चावी दोन्हींवर आहे ना तें पाहावें. प्रॉपेलर अगदींच थांबला असेल तर स्टार्टर. टायगर मॉथसारख्या जुन्या विमानांत बहुधा तोहि नसे. जमिनीवर कोणी तरी हातानें प्रॉपेलर फिरवी. आकाशांत तो माणूस कोठून आणावा? तेथें सूर मारून वाऱ्याच्या जोरानेंच तो फिरवावा लागे, आणि त्यांत शेंकडों फूट उंची खर्ची पडे.

आग दिसली किंवा इंजिन भयंकर हादरून थांबलें, तर मात्र तें पुन्हां चालूं करण्याच्या भरीस पडूं नये. तसेंच जमीन सुमारें 1,000 फुटांवर आली, कीं प्रयत्न सोडावा. मला हा नियम सर्वांत कठीण वाटतो. कारण आणखी एकदां चावी फिरवावी, हा मोह शेवटपर्यंत सुटत नाहीं, आणि हेरलेलें शेत तेवढ्यांत मागें जातें. 25 जुलै 2022 रोजीं बारामतीहून निघालेलें एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या शेतांत आदळलें. तें एकटीनें चालविणारी विद्यार्थिनी किरकोळ दुखापतीवर बचावली.

सेनगावच्या बाजूस पावसाळ्यांत काळी जमीन चिकट होते, व पुढचें चाक रुतून विमान उलथण्याची भीति असते; म्हणून तेथें मुरमाड माळ बरा. उतरण्यापूर्वीं पेट्रोल आणि चावी बंद करावी, व दार किंचित् उघडून ठेवावें. धक्क्यानें चौकट वांकली, तर मिटलेलें दार आंतून उघडत नाहीं.