सैन्यात शाखा निवडताना

भारतीय लष्करात भरती होणारा प्रत्येक जवान रायफल चालवायला शिकतो. ती घेऊन शत्रूसमोर उभे राहण्याची वेळ मात्र प्रत्येकावर सारखी येत नाही. ती कोणावर किती वेळा येईल, हे बव्हंशी शाखेवर ठरते. या शाखांचे ढोबळमानाने तीन थर आहेत.

पहिला थर लढाऊ शाखांचा. पायदळ, यांत्रिक पायदळ आणि रणगाडा दल त्यात येतात. सर्वांत जास्त जोखीम पायदळाला असते. नियंत्रण रेषेवरची चौकी, जंगलातली गस्त, अतिरेकी लपलेल्या घराला घातलेला वेढा ही कामे मुख्यतः पायदळाच्याच वाट्याला येतात. दुसरा थर लढाईला थेट हातभार लावणाऱ्या शाखांचा. तोफखाना, हवाई संरक्षण, इंजिनिअर्स आणि सिग्नल्स या त्यांतल्या प्रमुख शाखा. तोफा पायदळाच्या मागे असल्या, तरी शत्रूच्या तोफा त्यांनाच शोधत असतात. इंजिनिअर्स म्हणजे सॅपर्स. शांततेत ते रस्ते आणि पूल बांधतात, युद्धात पायदळाच्या पुढे जाऊन सुरुंग काढतात.

तिसरा थर ‘सर्व्हिसेस’ नावाने ओळखला जातो. लढाईची जोखीम इथे सर्वसाधारणपणे सर्वांत कमी असते. धान्य, इंधन आणि वाहतूक आर्मी सर्व्हिस कोअरकडे, दारूगोळा आणि सुटे भाग ऑर्डनन्स कोअरकडे, तर वाहने आणि शस्त्रांची दुरुस्ती ईएमईकडे असते. वैद्यकीय, दंतवैद्यकीय, पशुवैद्यकीय, शिक्षण आणि टपाल ही कामे पाहणाऱ्या शाखाही याच थरात येतात. लष्करी कायद्याचे काम ‘जज ॲडव्होकेट जनरल’ शाखा करते. या शाखेचे अधिकारी जिथे शिकतात, ती लष्करी कायद्याची संस्था नागपूरजवळच्या कामठीत आहे. युद्ध असो वा नसो, या अधिकाऱ्याचे बहुतेक आयुष्य फायली, चौकश्या आणि कोर्ट मार्शल यांत जाते. शिक्षण शाखेचे कामही असेच लढाईपासून दूरचे. वैद्यकीय शाखेतले अनेक डॉक्टर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून येतात.

उमेदवाराला यातून हवे ते निवडता येते का? काही अंशीच. जवान म्हणून भरती होताना निवड शाखेची नसते, गटाची असते. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत जनरल ड्यूटी, टेक्निकल, क्लार्क व स्टोअरकीपर आणि ट्रेड्समन हे मुख्य गट आहेत. भरतीची तयारी करणारी मुले ज्याला ‘जीडी’ म्हणतात, त्या पहिल्या गटाला दहावी पुरते आणि पायदळात जाण्याची शक्यता याच गटात जास्त असते. टेक्निकलसाठी साधारणतः बारावी विज्ञान लागते. क्लार्कसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण गुणांची अट कडक असते आणि इंग्रजी, गणित किंवा हिशेब चांगले असावे लागतात. नर्सिंग असिस्टंटसाठी बारावीला जीवशास्त्र हवे. म्हणजे कमी जोखमीच्या कामाचा रस्ता मैदानावरच्या धावण्याइतकाच वर्गातल्या अभ्यासातूनही जातो. कोणत्या तुकडीत पाठवायचे, हे शेवटी लष्कर आपल्या गरजेप्रमाणे ठरवते.

अधिकाऱ्यांना थोडी अधिक मोकळीक असते. प्रशिक्षणाच्या अखेरीस कॅडेट आपला पसंतीक्रम देतात. गुणवत्ता यादीतले स्थान आणि रिकाम्या जागा पाहून शाखा मिळते. डॉक्टर, पशुवैद्य आणि कायद्याचे पदवीधर यांची शाखा मात्र आधीच पक्की असते, कारण त्यांची निवडच त्या कामासाठी झालेली असते. शाखेची खात्री हवी असेल, तर व्यावसायिक पदवी हा सर्वांत भरवशाचा मार्ग ठरतो.

शाखा कळली म्हणून जोखीम पुरती कळत नाही. पोस्टिंग कुठे आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्सच्या पलटणींत सुमारे निम्मे मनुष्यबळ पायदळाचे आणि बाकीचे इतर शाखांचे असते. त्यामुळे रसद किंवा दुरुस्तीच्या शाखेतल्या जवानालाही दोन-अडीच वर्षे अतिरेकविरोधी भागात काढावी लागू शकतात. पलटणीबरोबर तिचा डॉक्टर जातो, आचारी जातो, न्हावीही जातो. सियाचीनमध्ये तर गोळीपेक्षा हवामानाने आणि हिमस्खलनाने अधिक बळी घेतले आहेत, आणि हिमकडा कोसळताना कोणाची शाखा पाहत नाही.

कमी जोखमीची मानलेली कामेही पूर्ण सुरक्षित नसतात. २ जानेवारी २०१६ रोजी पठाणकोट हवाई तळावर अतिरेक्यांनी हल्ला केला. त्यात वीरमरण आलेल्या सात जणांपैकी पाच जण डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे होते. या दलात बहुतांशी निवृत्तीनंतर पुन्हा भरती झालेले सैनिक असतात आणि त्यांचे काम लष्करी आस्थापनांवर पहारा देण्याचे. लढाऊ आयुष्य संपवून आलेल्यांची ही नोकरी तुलनेने निवांत मानली जाते. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले आणि अधिकाऱ्यांसह अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले. सीमा तिथून शेकडो किलोमीटर दूर होती. वैद्यकीय शाखेचे मेजर लैश्राम ज्योतिन सिंह २६ फेब्रुवारी २०१० रोजी काबूलमध्ये नि:शस्त्र असताना आत्मघाती हल्लेखोराशी भिडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

नौदल आणि हवाई दलाचे गणित वेगळे आहे. जहाजाला पिछाडी नसते. तोफेवरचा खलाशी, स्वयंपाकी आणि हिशेबनीस एकाच पोलादी पेटीत असतात. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘आयएनएस खुकरी’ पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली, तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. नौदलात कमी जोखीम म्हणजे किनाऱ्यावरचे काम: गोदी, प्रशिक्षण केंद्र, भांडार. पण सेवेत जहाजावरच्या आणि किनाऱ्यावरच्या नेमणुका आलटूनपालटून येतात. हवाई दलात उलट चित्र दिसते. प्रत्यक्ष उड्डाण करणारे थोडे, जमिनीवर काम करणारे पुष्कळ. तांत्रिक, प्रशासन, हिशेब, रसद, शिक्षण आणि हवामान या शाखा जमिनीवरच्या आहेत. हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय नागपूरला आहे, तर नाशिकजवळ ओझरला दलाचा विमानदुरुस्ती डेपो आहे. युद्धात हवाई तळ हे शत्रूचे पहिले लक्ष्य असते, एवढे मात्र इथल्या तंत्रज्ञालाही विसरता येत नाही.

शाखा निवडताना आणखी एक हिशेब कामाला येतो. अग्निवीरांची सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केले जाते. दुरुस्ती, रुग्णसेवा, भांडार किंवा संगणकावरचे काम शिकलेल्याला बाहेर पडल्यावर त्याच कौशल्यावर नोकरी शोधता येते. कमी जोखमीच्या शाखेचा हा दुसरा फायदा अनेकदा पहिल्यापेक्षा मोठा ठरतो.

ज्याला लढाईची शक्यता मुळीच नको असेल, त्याच्यासाठी संरक्षण खात्यात आणि त्याच्या कंपन्यांत नागरी नोकऱ्या आहेत: मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, संरक्षण लेखा विभाग, डीआरडीओच्या प्रयोगशाळा, दारूगोळ्याचे कारखाने. पुणे, खडकी, देहूरोड आणि अंबाझरी इथे अशी हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. गणवेश घातला की मात्र एक अट सर्वांना सारखी लागू होते. शाखा कोणतीही असो, आदेश येईल तिथे जावे लागते.