आयर्लंडचे लोकशासन – लेखांक ६ : उत्तराचा धनी कोण?

मागील लेखांकात आयर्लंडमधील पसंतीक्रमाच्या मतदानपद्धतीचे विवेचन करताना एक गोष्ट ओझरती सांगितली होती. तेथे एकाच मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच प्रतिनिधी निवडले जात असल्यामुळे सभासदाला विरोधकाइतकीच स्वपक्षीय सहकाऱ्याचीही स्पर्धा सोसावी लागते, आणि म्हणून मतदाराचे अगदी घरगुती म्हणावे असे गाऱ्हाणेसुद्धा हाती घेतल्यावाचून त्याचे चालत नाही. या गाऱ्हाण्याला सरकारदरबारी वाट काढून देण्याचे त्याच्यापाशी असलेले प्रमुख साधन म्हणजे संसदीय प्रश्न. डब्लिनच्या लेन्स्टर हाउसमध्ये भरणाऱ्या डॉइल या कनिष्ठ सभागृहाचे आज १७४ सभासद आहेत, आणि ते दरसाल मंत्र्यांना जे प्रश्न घालतात त्यांची गणती दशसहस्रांनी करावी लागते.

आपल्या विधानसभेतील तारांकित व अतारांकित प्रश्नांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हा शिरस्ता अपरिचित वाटणार नाही. तोंडी उत्तरासाठी आलेल्या प्रश्नांचा क्रम सोडतीने ठरतो आणि एकेका प्रश्नाच्या वाट्याला प्रश्नोपप्रश्न धरून साडेसहा मिनिटे येतात. बाकीच्या प्रचंड संख्येला लेखी उत्तर मिळते, तेही सामान्यतः सूचना दिल्यापासून तिसऱ्या दिवशी. या व्यवस्थेचे अधिष्ठान १९३७ च्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहे. ज्या राज्यघटनेपासून आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली तीच ही राज्यघटना, आणि तिने सरकार हे डॉइलला जबाबदार आहे असे असंदिग्ध शब्दांत नमूद केले आहे. परंतु मंत्री उत्तर देण्यास बांधलेला असला, तरी ज्या गोष्टीबद्दल त्याला विचारले जाते ती पुष्कळदा त्याच्या हाती राहिलेली नसते. प्रश्न मंत्र्याच्या नावे जातो आणि अधिकार मात्र भलत्याच दफ्तरात नांदत असतो. हे अंतर किती वाढू द्यावे हाच माझ्या मते या साऱ्या पद्धतीतील मर्माचा मुद्दा आहे.

तो उलगडण्यासाठी आपण वायव्येच्या डोनेगॉल परगण्याकडे वळू. तिन्ही बाजूंनी अटलांटिकच्या लाटा आणि उत्तर आयर्लंडची सरहद्द यांनी वेढलेला, उरलेल्या प्रजासत्ताकाशी दक्षिणेकडील एका चिंचोळ्या पट्ट्यानेच जोडलेला आणि १९६५ पासून एकही आगगाडी न उरलेला हा प्रदेश डॉइलमध्ये पाच सभासद पाठवितो, आणि मासेमारी, घरे, आरोग्य व कुटुंब या चारही बाबींचे प्रश्न तेथून अखंड डब्लिनला जात असतात.

मासेमारीपासून आरंभ करू. किलीबेग्ज हे देशातील सर्वांत मोठे मासेमारी बंदर, आणि त्याचे जीवित मुख्यतः आपल्या बांगड्याचा भाऊबंद शोभेल अशा मॅकरेल माशावर अवलंबून. तेथील खलाशाच्या वतीने सभासद मंत्र्याला विचारतो की यंदा आमच्या वाट्याला किती टन मासा येणार. पण १९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय समूहात सामील झाल्यावर पुढे तो आकडा डब्लिनमध्ये ठरेनासा झाला, तो डिसेंबरात ब्रुसेल्सला सर्व देशांच्या मत्स्यमंत्र्यांच्या बैठकीत ठरतो. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडताना २०२० च्या डिसेंबरात जो करार झाला त्यात आयर्लंडला आपल्या हिश्शाच्या मूल्यापैकी सुमारे १५ टक्के गमवावे लागले, आणि पुढल्याच वर्षी सरकारने नेमलेल्या कार्यगटाने काही नौका भरपाई देऊन कायमच्या मोडीत काढण्याची शिफारस केली. त्यावर कळस म्हणून २०२५ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पुढील वर्षासाठी मॅकरेलची पकड ७० टक्क्यांनी घटविण्याचा सल्ला दिला. नॉर्वे, आइसलँड, फेरो बेटे आणि ब्रिटन यांनी आपापले हिस्से परस्पर वाढवून घेतल्याने माशाचा साठा खंगला, याचे प्रायश्चित्त मात्र किलीबेग्जच्या कारखान्यात मासा निवडणाऱ्या बाईलाही घ्यावे लागते. म्हणून जाणता सभासद 'किती टन' एवढेच विचारून थांबत नाही. मासा दुर्मीळ झाला असता आयर्लंडला जादा वाटा देणारी १९७६ ची हेग येथील सवलत बैठकीत मागितली काय, कोणी विरोध केला, असे तो विचारतो. ब्रुसेल्सचा निर्णय मंत्र्याच्या एकट्याच्या हातचा नसेल, पण तेथे आपण काय मागितले हे सांगणे सर्वस्वी त्याच्याच हातचे आहे.

घरांचा प्रश्न याहून हृदयद्रावक आहे. डोनेगॉलमध्ये आणि मेयो परगण्यात हजारो घरे काँक्रीटच्या अशा ठोकळ्यांनी बांधली गेली की ज्यांत अभ्रक किंवा पायरोटाइट नावाचे गंधकयुक्त खनिज प्रमाणाबाहेर होते. पावसाळी हवेत अशा भिंतींना प्रथम कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा जातात, मग कोपरे सुटतात, आणि अखेरीस ठोकळा बोटांनी चुरता येतो. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. तज्ज्ञमंडळाचा अहवाल २०१७ साली आला, अनुदानाची पहिली योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात खर्चाचा दहावा हिस्सा घरमालकावर होता. ज्याने आयुष्याची पुंजी एकदा त्या भिंतींत घातली त्याने ती पुन्हा कोठून आणावी? लोक डब्लिनच्या रस्त्यांवर उतरले, आणि २०२२ च्या कायद्याने ४,२०,००० युरोंच्या मर्यादेपर्यंत पूर्ण भरपाईचे तत्त्व मान्य झाले; ही मर्यादा २०२४ मध्ये ४,६२,००० करण्यात आली. तरीही सभासदांचे प्रश्न आटले नाहीत, कारण अर्ज घेते परगण्याची परिषद, घर पाडावे की एखादीच भिंत बदलावी हे ठरवितो सरकारी गृहनिर्माण संस्थेने नेमलेला अभियंता, आणि पाया तर योजनेच्या कक्षेत मुळी धरलाच नव्हता. सदोष पायावर सरकारी पैशाने नवे घर उभे राहणार काय, या एका प्रश्नाचे सरळ उत्तर काढण्यासाठी किती लेखी प्रश्न खर्ची पडले असतील! या यातनेतूनच पूर्ण भरपाईची मागणी नावातच धारण करणारा एक पक्ष २०२३ साली जन्मला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरातील निवडणुकीत त्याचे चार्ल्स वॉर्ड डोनेगॉलमधून डॉइलमध्ये पोहोचले. उत्तरे न मिळाल्याने संतापलेल्या मतदारांनी प्रश्नकर्ताच बदलला, असा मी या निकालाचा अर्थ लावतो.

आरोग्याच्या बाबतीत तर अधिकाराचे स्थलांतर कायद्यानेच घडले. १९७० च्या कायद्याने प्रादेशिक आरोग्य मंडळे स्थापन झाली होती व त्यांत स्थानिक लोकप्रतिनिधी बसत; ती मोडून २००५ मध्ये सगळा कारभार एका मध्यवर्ती आरोग्यसेवा संस्थेकडे सोपविला गेला. तेव्हापासून लेटरकेनीच्या रुग्णालयात वृद्ध रुग्ण खाटेअभावी ढकलगाडीवर का पडून होता, किंवा कर्करोगाच्या किरणोपचारासाठी सरहद्दीपलीकडे डेरीला जाण्याची कोणाची पाळी केव्हा येणार, असे विचारले की मंत्र्याचे उत्तर दोन ओळींत संपते: ही सेवाविषयक बाब असल्यामुळे संस्थेला परस्पर उत्तर देण्यास कळविले आहे. पूर्वी असे परस्पर आलेले पत्र सभागृहाच्या छापील इतिवृत्तात येत नसे. सभासदांनी पुष्कळ तक्रारी केल्या, आणि आता ती उत्तरे संस्था सर्वांसाठी प्रसिद्ध करते. हा सुधार लहान नव्हे. उत्तर टाळल्याची किंमत किती जबर असते याचा दाखला आयर्लंडनेच जगाला दिला आहे. १९९१ ते १९९४ पर्यंत गोमांस-निर्यातीतील गैरव्यवहारांची चौकशी चालविणारे न्यायमूर्ती लियम हॅमिल्टन यांनी चौकशीच्या ओघातच असा अभिप्राय दिला होता की, आपल्यापुढे जशी उत्तरे मिळत आहेत तशी डॉइलमध्ये मिळाली असती, तर या चौकशीचे कारणच पडले नसते.

कुटुंबविषयक प्रश्नांत हे सारे पेच एकत्र येतात. २००५ च्या अपंगत्वविषयक कायद्याने आईबापांना असा हक्क दिला की मुलाच्या गरजांचे मूल्यमापन अर्जापासून तीन महिन्यांत सुरू व्हावे आणि त्यापुढील तीन महिन्यांत पुरे व्हावे. प्रत्यक्षात मुदत उलटलेली प्रकरणे हजारोंनी साचली. ती निकालात काढण्यासाठी आरोग्यसेवेने एक संक्षिप्त प्राथमिक तपासणी योजिली, पण २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायद्याला पुरी पडत नाही असा निवाडा दिला. अपंगसेवेचे खाते २०२३ पासून आरोग्यमंत्र्यांकडून बालकल्याणमंत्र्यांकडे गेले. मूल्यमापनाचे काम मात्र आरोग्यसेवेकडेच राहिले. परिणामी एखाद्या अबोल मुलाविषयी विचारलेला प्रश्न बालकल्याण खात्याकडे जातो, तेथून आरोग्यसेवेकडे, आणि तेथून सभासदाकडे पत्र येते की अर्ज अमुक तारखेस दाखल असून प्रतीक्षायादीत आहे. त्या कोरड्या पत्राला मी तुच्छ लेखीत नाही. मुदत उलटल्याची ती सरकारी कबुली असते. आईबाप ती कायद्याने नेमलेल्या तक्रार-अधिकाऱ्यापुढे ठेवतात, आणि त्याचाही हुकूम पाळला गेला नाही तर तेच कागद घेऊन सर्किट न्यायालयात अंमलबजावणीची दाद मागतात.